हेल्मेटवरचा हात

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी, मंडळीतले वडीलधारे आणि दारावर येणारा भाजीवाला यांस कळवण्यात येते की, या घरातला कर्ता पुरुष डॉक्टरांच्या हुकमावरून मुका झालेला आहे. कुणीही फोन करू नये. केल्यास त्याची बायको आनंदाने बोलेल.

हे निवेदन मीच सगळ्यांना मोबाइलवर पाठवलं. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात दरवर्षी हेरोद राजा मी असतो. बाळ येशूला शोधून मारा, असा हुकूम सोडणारा तो दुष्ट. यंदा ऐन हुकमाच्या वेळी माइक बंद पडला. दुसरा कुणी असता तर थांबला असता. मी चिखलीतला हुकूम देहूरोडला ऐकू जाईल असा सोडला, टाळ्या घेतल्या आणि घसा घालवून बसलो. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण विश्रांती. कुजबुजायचंसुद्धा नाही." बायकोने त्यांना पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

मला अडचण एकच होती, आणि ती रोज सकाळी दारात उभी राहणार होती. घराबाहेर पडणाऱ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, ही आमच्या घरची रीत. ती माझ्या वडिलांनी घातली.

वडील पिंपरीला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मशीनवर होते. रात्रपाळी करून सायकलवरून परत यायचे, तेव्हा मी शाळेला निघालेलो असायचो. ते बूट न काढता उंबऱ्यात थांबत, माझ्या डोक्यावर हात ठेवत आणि डोळे मिटत. इतके दमलेले असत की ते डोळे पुन्हा उघडतील की नाही, अशी मला शंका यायची. "बापा, लेकरू चाललंय. तूच ने, तूच आण. आमेन." एवढंच. हात जड होता, आणि कंपनीत लाकडाच्या भुशाने कितीही घासला तरी त्याचा ऑइलचा वास जायचा नाही. माझा तेल लावून पाडलेला भांग पार बिघडायचा. कोपऱ्यावर गेलो की मी तो पुन्हा पाडायचो. कशाला पाडला, असं आता वाटतं. बिघडलेलाच शाळेत न्यायचा होता. आज तो हात नाही, आणि बिघडवायला माझे केसही उरले नाहीत.

अजूनही एखाद्या वर्कशॉपवरून जाताना तो वास येतो आणि माझी मान आपोआप खाली जाते. चिखलीत वर्कशॉप इतके आहेत की मला मान वर करून चालायची सोयच राहिलेली नाही.

माझी मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा तिच्या डोक्यावरही तोच हात, तीच दोन वाक्यं. ती आजोबांच्या आधीच "आमेन" म्हणून पळायची. मग वडील गेले आणि उंबऱ्यातली जागा माझ्याकडे आली. आता रिकामा स्टेज मिळाल्यावर हेरोद राजा दोन वाक्यांत आटोपेल का? मी बायबलातल्या तांबड्या समुद्रापासून सुरुवात करायचो. इस्राएल लोक सुखरूप पलीकडे पोचले की मग गाडीच्या टायरमधली हवा, कंटेनरचे ड्रायव्हर, सिग्नल तोडणारे, तिच्या क्वालिटी डिपार्टमेंटचे साहेब, सगळ्यांना घेत घेत चाकणपर्यंत जायचो.

कारण ती चाकणला नोकरीला लागली होती. स्कूटी घेतली, आणि एका सकाळी ती हेल्मेट चढवूनच दारात आली. मी हेल्मेटवर हात ठेवला. तापलेला नसला तरी कुकरच तो. आतून आवाज आला, "पप्पा, देवाला चाकणचा रस्ता माहीत आहे. वळणं नका सांगू."

डायलॉग चांगला होता, मी दाद दिली. पण त्या दिवसापासून तिचं डोकं काही माझ्या हाताला लागलं नाही. पुढे रविवारी ओव्हरटाइम येऊ लागला आणि तिचं चर्चला येणंही कमी झालं. जेवणाआधीच्या प्रार्थनेला ती मान खाली घालते. पण मान खाली घालून ती मोबाइलही बघते, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. तू एकटी असताना प्रार्थना करतेस का, हे मी तिला कधी विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर? वडिलांनी दोन वाक्यांत माझ्यात जे ठेवलं, ते माझ्या एवढ्या भाषणांतून तिच्यापर्यंत पोचलं की वाटेतच सांडलं, हे मला कळायला हवं होतं. आणि कळायची भीतीही वाटत होती.

मुकेपणाच्या पहिल्या सकाळी मी हेल्मेटवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. जरा वेळाने आतून विचारणा झाली, "झालं?" मी मान हलवली. ती गेली.

थोड्या वेळाने शेजारचे गॅरेजवाले भाई चौकशीला आले. "काय राव, तुमचं आमेन ऐकून मी शटर उचलतो. आज गिऱ्हाईक बाहेर आणि मी आत." मी घशाकडे बोट दाखवून हेरोदाचा अख्खा प्रसंग हातवाऱ्यांनी करून दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "आराम करा. भाभींना मुबारकबाद सांगा."

पुढचे काही दिवस असेच गेले. हात, हेल्मेट, "झालं?", मान.

मग एका सकाळी "झालं?" आलंच नाही. ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, उशीर झाला म्हणून चिडली. तिने हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून कोपरात अडकवलं आणि मान खाली केली. नुकतेच विंचरलेले केस, शाम्पूचा वास. मी हात ठेवला. हाताखाली डोकं ऊबदार होतं. ते असं असतं, हे मी विसरून गेलो होतो. बोलता तर येत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटले.

"बापा, मी चाललेय," तिचा आवाज आला. सपाट, जरा दमलेला, अगदी आजोबांच्या चालीवर. "तूच ने, तूच आण."

इतक्या वर्षांत मी हे वाक्य तिच्यासमोर एकदाही म्हटलं नव्हतं.

आमेन यायचं बाकी होतं. मी डोळे उघडले. तिचा एक डोळा उघडाच होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझे ओठ हलायला लागलेले तिला दिसले असावेत, कारण ती घाईघाईने म्हणाली, "आणि पप्पांचा आवाज परत दे. पण सावकाश."