खाली राहिलेला एक हात

गेल्या महिन्यात तुमसरला मित्र वारला, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्याच्या मुलाने चारचौघांत माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, “बाबा नेहमी सांगत, सारं गाव एकीकडे झालं, पण काकाजी एकटे माझ्या बाजूनं राहिले.” मी मान डोलावली. म्हणून आता हे लिहितो आहे.

माझा मित्र आमच्या गावतलावाचा पाणकर होता. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी पाणी सोडायचं, ते त्याच्याकडे. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होतं. मी म्हणायचो, “माझी बांधी अगोदर भर ना बे.” तो म्हणायचा, “तू तलावातच धान लाव ना, मंग!”

एका निवडणुकीनंतर गावातलं बोलणं बदललं; लोक जातीवरून ‘आपली’ घरं आणि ‘त्यायची’ घरं मोजू लागले. ग्रामसभेत एक जण उठला, “घरं आपली जास्त. मंग पाणकर त्यायचा कायले?” मित्राच्या कामात खोट कोणीच काढली नाही. त्याला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगितले. मित्र पुढच्या सतरंजीवर, आमच्याकडे पाठ करून बसला होता. वळून पाहिलं तर कोणाला लाज वाटेल, म्हणून वळला नसावा. माझ्या शेजारच्याने हात वर केला. मग मीही केला. आपण एकटे पडू नये, एवढंच तेव्हा मनात होतं.

सरपंच म्हणाले, “एक सोडून सारे. बहुमत झालं.”

तो एक म्हणजे मित्र स्वतःच. पण ज्याचा विषय त्याचं मत धरत नाहीत, असं त्याला वाटलं, आणि खाली राहिलेला तो हात त्याने माझा मानला. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काहून केलं बे असं? आता तुले तरास देतील.”

“देऊ दे,” मी म्हणालो.

पुढे तो गाव सोडून मुलाकडे राहायला गेला. मागाहून गावातल्या कितीतरी जणांनी मला एकेकटं गाठून सांगितलं, आपल्या मनात नव्हतं, सारे करून राहिले होते म्हणून केला हात वर. मग ते बहुमत होतं तरी कोणाचं? त्याला मात्र यातलं कोणीच काही सांगितलं नाही. मीही नाही. अड्याळच्या बाजारात भेटला की तो सोबतच्या माणसाला माझी ओळख करून द्यायचा, “हा माझा माणूस.” मी हसायचो.

पोरा, तो खाली राहिलेला हात तुझ्या बापाचा होता. माझा वर होता. त्या दिवशी त्याच्या बाजूने कोणीच नव्हतं.