गप्प बसायचं काम

तिला सगळे थांबाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. ज्यांची समज वयाच्या मागे राहिली अशा मोठ्या माणसांच्या एका केंद्रात ती समुपदेशक होती. माझा धाकटा भाऊ तिथे जायचा. बाई समोरच्या माणसाला प्रश्न विचारायची, सोबत आलेली आई नाहीतर भाऊ तोंड उघडायचा, आणि बाईचा हात वर जायचा. "थांबा. तुम्हाला नाही विचारलं."

मी गवंडी. चाळीस वर्षं भिंती बांधल्या. ही बाई पगार कशाचा घेते ते मला पहिले सहा महिने कळलं नाही. प्रश्न विचारायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहायची. बस्स.

धाकट्याला साधं "चहा घेतोस का" विचारलं तरी उत्तराला मिनिट लागतं. तेवढ्यात मी कप पुढे ठेवलेला असायचा. आई गेल्यापासून तो माझ्याकडे होता. वय त्रेचाळीस. त्याची बटणं मी लावायचो, बुटांची नाडी मी बांधायचो, त्याची उत्तरंही मीच द्यायचो. काम लवकर उरकतं म्हणून. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडावर गिलावा करा जरा. त्यालाही बोलू द्या."

"तो बोलेपर्यंत दिवस मावळेल," मी म्हणायचो.

एकदा मी बाईला सरळ म्हटलं, "बरं आहे तुमचं. बसून खायचं."

बाई रागावली नाही. म्हणाली, "मिस्त्री, दहा मिनिटं तुम्ही बसून दाखवा. त्याला विचारा, काल काय केलंस. मग एक शब्द नाही."

विचारलं. धाकटा छताकडे बघत राहिला. माझी मान ताठली. गुडघ्यांवर कोपरं टेकून मी पुढे वाकलो. शेवटी तोंडातून निघूनच गेलं, "काल पाहुणे आले होते ना रे?"

बाईनं घड्याळ दाखवलं. "दीड मिनिट. सिमेंटच्या गोणीखाली तरी एवढे वाकत नसाल."

त्या दिवशी तिनं स्वतःचं सांगितलं. तिची थोरली बहीण अशीच होती. बाई लहानपणापासून तिच्या वतीनं बोलायची. बहीण जेवेना, तेव्हा हिनं डॉक्टरला सांगितलं, हट्ट करते. दाढ किडली होती. जबडा सुजून डोळा मिटला तेव्हा कळलं. "वीस दिवस ती दुखणं घेऊन माझ्यासमोर बसली होती," बाई म्हणाली, "आणि बोलत मी होते." तिनं उठून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मग तपासणी आली. दर तीन वर्षांनी सरकारी साहेब येतो आणि कोण कुठे राहणार ते ठरवतो. केंद्राजवळ एक लहान घर होतं. अशी चार माणसं तिथे राहायची, मदतनीस सकाळ-संध्याकाळ यायचा. तिथे एक जागा रिकामी झाली होती. अर्ज घरी आला. राहण्याच्या रकान्यात मी लिहिलं, "भावाकडे." सही ठोकली. धाकटा शेजारीच बसला होता. त्याला विचारायचं काय? सख्खा भाऊ आहे मी.

साहेबानं माणशी दहा मिनिटं ठेवली होती. कागदावरून नजर न काढता त्यानं विचारलं, "कुठे राहायचंय तुला?"

धाकटा खिडकीकडे बघू लागला.

"बोल लवकर." मग माझ्याकडे बघून, "कळतं का याला काही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं असतं तर मी साहेबाचंच काम सोपं केलं असतं. दात आवळून बसलो. साहेबानं "प्रतिसाद नाही" लिहिलं आणि पान उलटलं.

"साहेब, प्रश्न विचारलात," आमच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली. "उत्तर यायचंय अजून."

"बाई, बाहेर तीस माणसं आहेत."

"ती काय उत्तरं न देताच जाणार आहेत?"

"भावानं लिहून दिलंय, सही केलीय. याचं उत्तर हवंय कशाला?"

तेवढ्यात धाकटा बोलला. "त्या घरात." मग बऱ्याच वेळानं, "तिथे किल्ली देतात. दादा काहीच करू देत नाही."

खरं सांगतो, आधी राग आला तो त्याचाच. इतकी वर्षं ताट वाढलं, अंथरूण घातलं, आणि हा चार माणसांत असं बोलतो. मग साहेब हसला. "बाईंनी पाठ करून घेतलेलं दिसतंय." पेन त्यानं उचललंच नाही.

मी उठलो. "ती सही माझी आहे. मी ती मागे घेतो."

"तसा रकाना नाही. नवा अर्ज करा. तीन महिन्यांनी बघू."

तीन महिन्यांत ती जागा गेली असती. मी म्हटलं, "साहेब, भिंत वाकडी आली तर मी स्वतः पाडायचो. मालकानं बघायच्या आधी. त्यालाही रकाना नव्हता. खोडा ते."

"आणि तुम्ही काय बसून राहिलात?" साहेब बाईवर उखडला.

"खोडेपर्यंत बसणार," बाई म्हणाली. "मला सवय आहे."

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. साहेबानं इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. वर लिहिलं, "सामूहिक घर." मग शाईची डबी पुढे ढकलली. "अंगठा घ्या, लवकर होईल."

"त्याला सही येते," बाई म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. एका छताखाली राहून मला माहीत नव्हतं. धाकट्यानं पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढलं. शेवटची दोन चौकटीबाहेर गेली. साहेब घड्याळ बघत होता. मला त्या घड्याळावर थापी हाणावीशी वाटली.

बाहेर बाकावर पुढच्या नंबरची एक आई मुलीचा हात धरून बसली होती. मांडीवर भरलेला अर्ज, खाली सही.

"मुलीला विचारलंत का?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं?" ती म्हणाली, आणि मुलीला घेऊन आत गेली.