बोअरचं पाणी, निळं टर्फ

"हे पाणी तं आमच्या गावच्यावानीच दिसून राह्यलं. भांडं लाल करते हे."

मैदानावर झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाई पंपवाल्या भाऊंना सांगत होत्या. मी दोन पावलांवर टॅबमध्ये आकडे भरत उभी होते. बादलीत डोकावले. कडेला तांबूस वर्तुळ धरलं होतं. मी पुढचा आकडा भरला.

चंद्रपूरच्या त्या मैदानावर महिला हॉकी क्लबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. टर्फवर, म्हणजे तिथल्या निळ्या कृत्रिम गवतावर, पाणी मारण्याचं काम आमच्या कंपनीकडे, आणि मी तिथे ज्युनिअर इंजिनिअर. अशा टर्फवर सामन्याआधी पाणी मारावंच लागतं. कोरडं राहिलं तर चेंडू अडखळतो, पडणाऱ्या मुलीचा गुडघा सोलून निघतो. त्यासाठी मैदानाभोवती सहा रेन गन असतात, म्हणजे फिरत फिरत लांबवर फवारा मारणाऱ्या तोट्या. शहराची पाइपलाइन फुटली होती, म्हणून आमच्या साइटप्रमुख रामटेके सरांनी टाकीला बोअर जोडली होती.

संध्याकाळी मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "पाण्याचा रिपोर्ट?"

"टीडीएस ठीक आहे, सर."

ते खरंच होतं. टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा. त्यात लोह किती, हे तो सांगत नाही. मला ते माहीत होतं. पण खोलीत अकरा माणसं होती, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक बादली.

सकाळी सातला ट्रायल घेतली. सहापैकी चार गन अडकल्या. फिल्टर उघडला तर जाळीवर लाल चिखल. बोअरचं पाणी वर येतं तेव्हा नितळ असतं. हवा लागली की त्यातलं लोह गंजासारखं बाहेर पडतं आणि तळाशी बसतं. आमचा पंप नेमका तळातून ओढत होता.

मैदान खेळण्यालायक आहे की नाही हे ठरवणाऱ्या परदेशी अधिकारी, डेलिगेट मॅडम, येऊन पाहून गेल्या. एक वाजेपर्यंत गन चालल्या नाहीत तर सामने नागपूरला हलवणार, एवढंच म्हणाल्या.

वच्छलाबाई तिथेच होत्या. त्या एटापल्लीकडच्या. त्यांची सुनीता आपल्याकडच्या क्लबमधून बचावफळीत खेळणार होती. पोरगी लहानपणापासून हॉस्टेलवर, सामने सगळे दूरदूर. आईने एकही पाहिला नव्हता.

"नागपूरले मी कशी जाऊ? ड्युटी इथी," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या.

मी जवळ गेले. "बाई, गावाला हे पाणी कसं पिता?"

"उंचावरून वतायचं. झाकायचं नाई. लाल खाली बसते, मंग वरचं-वरचं घ्यायचं. तुमी इंजिनिअर हाय ना?"

"हो."

"मंग?"

मग काय, दुसरी टाकी रिकामी होती. पाइपला भोकं पाडली आणि बोअरचं पाणी वरून तिच्यात झारीसारखं सोडलं. ओढायच्या पाइपच्या तोंडाला रिकामे कॅन बांधले, म्हणजे तो तरंगत राहील आणि वरचंच पाणी घेईल. गन खोलून धुतल्या. बाईंनी जाळ्या ब्रशने घासून काढल्या. त्यानंतर वाट पाहणं. पाण्याला घाई करता येत नाही.

एकच्या आधी सहाही गन थोड्या थोड्या फिरवून दाखवल्या. सामना तीनला होता.

"हाफ-टाइमला पुन्हा पाणी मारता येईल?" डेलिगेट मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

"येस मॅडम, फुल," सर म्हणाले.

तेवढं पाणी नितळलं नव्हतं. एका फवारणीपुरतंच होतं, आणि तीनच्या उन्हात एक फवारणी शेवटपर्यंत टिकत नाही. इंग्रजी माझ्या शाळेची भाषा, तरी सरांचं बोलणं तोंडाने खोडवेना. मी टॅबवर दोन ओळी टाइप करून तो त्यांच्यासमोर धरला. पाणी एकदाच मिळेल. सामना साडेपाचला सुरू केला तर पुरेल.

त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मग सरांकडे. "फाइव्ह थर्टी," म्हणाल्या.

सामना इथेच झाला. आपण दोन-एकने हरलो. शेवटी शेवटी एक कोपरा कोरडा पडला, पण गुडघा कोणाचा सोलला नाही. वच्छलाबाई कुंपणाच्या जाळीला धरून पूर्ण वेळ उभ्या होत्या.

"हरली ना पोरगी?" त्यांनी विचारलं.

"हरली," पंपवाले भाऊ म्हणाले. "पण त्या उंच पोरीले तीनदा अडवलं तुमच्या सुनीतानं."

"चारदा," बाई म्हणाल्या.

नंतर सर गन अडकल्याचा रिपोर्ट लिहायला बसले. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक बिघाड' असं टाइप केलं आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवलं. या धंद्यात तेवढं लिहून भागतं. आणि पुढच्या मैदानावर तोच बिघाड पुन्हा भेटतो.

"सर, 'पाण्यातलं लोह' लिहा," मी म्हणाले. "आणि आदल्या दिवशी कळलं होतं, हेही लिहा."

त्यांनी मान वर केली. "कोणाला?"

"मला."