मामांचा गुणाकार

पनवेलात त्या काळी पेटणारा एकही विजेचा दिवा असा नसेल, ज्याची माझ्या बायकोच्या मामांनी एकदा तरी झडती घेतली नव्हती. मुंबईतल्या एका कापडगिरणीच्या वीजखात्यातून निवृत्त होऊन ते गावी परतले, ते एक व्होल्टमीटर आणि एक अँमीटर घेऊन. दोन्ही त्यांनी जेवायच्या पाटावर ठोकून बसवले, शेजारी दिव्यासाठी होल्डर लावला, आणि तो पाट काखोटीला मारून ते गावभर हिंडू लागले. मामा नवख्या घरात शिरले की बायकांना वाटे, पाहुणे जेवायलाच आलेत, आणि पाटही स्वतःचा आणलाय. मामा मात्र पाणीसुद्धा घेत नसत. घरातला दिवा काढायचा, पाटावर लावायचा, एका काट्यावरून व्होल्ट वाचायचे, दुसऱ्यावरून अँपिअर. भागाकार केला की दिव्याचा रोध, गुणाकार केला की त्याची शक्ती. दोन्ही उत्तरं तोंडी, पापणी लवायच्या आत. "काचेवर साठ वॅट छापलंय ते कंपनीचं म्हणणं," ते समजावत. "दिव्याचं म्हणणं काय आहे ते दिव्यालाच विचारायला हवं."

शेजारच्या कासमभाईंनी नवा रेडिओ आणला तेव्हा संध्याकाळच्या बातम्या ऐकायला सारी आळी लोटली होती. मामांनी नेमका तेव्हाच रेडिओ बंद केला आणि पाटाला जोडला. "मामासाहेब, खबर तरी पुरी होऊ द्या की," कासमभाई अजिजीनं म्हणाले. "खबर कुठे पळतेय? व्होल्टेज पळतंय," मामा काट्यावरची नजर न काढता म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पलीकडची भाताची गिरणी सुरू झाली की मामांच्या आळीतलं व्होल्टेज भुईसपाट होई. त्या गिरणीवर मामांचा जेवढा राग होता तेवढा लोकांचा भाऊबंदांवरही नसतो.

हिचे आईवडील ही लहान असतानाच गेले. मामा-मामींनीच हिला वाढवलं. इतर मुली संध्याकाळी परवचा म्हणत, हिला परवच्यानंतर व्होल्ट-अँपिअरचे गुणाकार असत. आमचं लग्न ठरताना मामांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "घरी व्होल्ट किती येतात?" मी माहीत नाही म्हणालो. त्यावर त्यांनी मामींकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की स्थळ मोडलं असंच मी धरून चाललो.

पहिलं बाळंतपण अर्थातच मामांकडे. पौषातली थंडी होती, आणि मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, ओंजळीत मावेल एवढी. मामींनी रीतीप्रमाणे शेगडी पेटवली. सकाळी डॉक्टरांनी बाळाच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. "शेगडी आधी बाहेर न्या. धुरानं हिचा श्वास कोंडतोय. पण ऊबही कमी पडता कामा नये. पडली तर माझ्या हातात काही नाही."

"आमच्या घरातली सगळी बाळंतपणं शेगडीवरच झाली," मामी म्हणाल्या, पण शेगडी त्यांनीच उचलून परसात नेली. मामांनी एक देवदारी खोकं रिकामं केलं, आत गोधडी घातली, कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून साठ वॅटचा दिवा टांगला आणि बाळाला निजवलं. मला हायसं वाटलं. पण काही वेळानं मी बाळाच्या पायाला हात लावला, तर पाय गार. दिवा तर समोर पेटलेला होता. पलीकडून गिरणीची घरघर मात्र ऐकू येत होती.

मामांनी पाट आणून मध्ये जोडला. "एकशे साठ व्होल्ट," ते म्हणाले. मग दुसरा काटा वाचला, "पॉइंट एकवीस." आणि ते थांबले. ओठ हलत होते, बोटं पेरांवर फिरत होती, उत्तर काही येत नव्हतं. उभ्या गावाचे गुणाकार चुटकीसरशी करणारा हा माणूस घामाघूम होऊन पाटाकडे बघत राहिला. मामा घाबरले आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मग मीही खरा घाबरलो.

"तेहतीस पॉइंट सहा," खाटेवरून बारीक आवाज आला. हिला कूस बदलायचंही त्राण नव्हतं. "दिवा साठाचा, मामा, पण ऊब जेमतेम निम्मी मिळतेय."

"मग दोन दिवे," मामा म्हणाले, आणि त्यांच्या अंगात एकदम जीव आला. "जावईबापू, स्वयंपाकघरातला काढा." मी काढला. दोघांनी मिळून तो पहिल्याच्या शेजारी, वेगळं बटण देऊन लावला. मग मामा खोक्यात हात घालून बसले. गिरणी थांबली की व्होल्टेज चढणार, आणि दोन दिव्यांनी पोर भाजून निघणार, ही दुसरी धास्ती होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीला गिरणी थांबली, दिवे भडकले, आणि मामांनी लगेच एक बटण बंद केलं.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मुलगी गुलाबी झाली होती आणि भुकेनं रडत होती. "आता काळजी नाही," ते म्हणाले. मी परसात जाऊन विनाकारण विहिरीचं पाणी शेंदत राहिलो. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात पुन्हा वाटलं नाही.

आत आलो तर मामींनी मामांपुढे चहा ठेवला होता. मामांचा हात खोक्यातच होता आणि पाट भिंतीशी उभा करून ठेवलेला. "मग, किती वॅट भरतायत आता?" मामींनी जरा चिडवतच विचारलं.

"मोजलं नाही," मामा म्हणाले. "तिला पुरतंय."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या तोंडून आकड्याशिवाय आलेलं मी ऐकलेलं उत्तर हे एवढंच.