शपथेचं पाकीट

त्या शपथेचा मजकूर मीच लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको.

मोहीम दिल्लीहून निघाली होती. भ्रष्टाचाराविरुद्ध देशभर चळवळ उभी करायची, शहराशहरांत समित्या, दारादारांवर स्टिकर. आमची समिती नवघरला सोसायटीच्या ऑफिसात बसायची. मी नुकताच रिटायर झालेलो, अंगात नको तितका उत्साह. दर रविवारी दिल्लीची माणसं व्हिडिओ कॉलवर हिंदीत भाषणं ठोकायची, आम्ही माना डोलवायचो आणि मग सामोसे खायचो. शपथ मी मराठीत लिहिली. 'मी लाच देणार नाही, घेणार नाही, आणि कुणी देताना-घेताना दिसलं तर गप्प बसणार नाही.' शेवटच्या वाक्यावर तर मी फारच खूश होतो.

ती शपथ खरोखर मनावर घेतली ती जवळच्या मुर्धा गावातल्या मावशीने. ती आठवड्यातून एकदा आमच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी विकायला यायची. नवरा वारल्यापासून तिच्या जिवाला एकच घोर होता. राहतं घर नवऱ्याच्या नावावर, आणि दीर बिल्डरशी बोलणी करत होता. कागदावर तिचं नाव लागलं नाही तर तो तिला घराबाहेर काढणार, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. महापालिकेच्या कचेरीतला कारकून 'काहीतरी बघा' म्हणत होता, आणि तिने बिचारीने त्या पैशांची सोयही करून ठेवली होती. मीच तिला अडवलं. "मावशी, एक पैसा द्यायचा नाही. आता देश उभा राहतोय." तिने माझ्याकडून स्टिकर मागून घेतला, आपल्या दारावर लावला आणि कारकुनाला जाऊन सांगितलं, मी देनार न्हाय. तिची फाईल त्या दिवशी जी तळाला गेली, ती तिथेच राहिली.

मग आमचा शपथविधी ठरला. मैदान ठरलं, खुर्च्या ठरल्या, दिल्लीचे पाहुणे ठरले. फक्त मैदानाची परवानगी येईना. दोन दिवस उरले आणि समितीत सगळ्यांची तोंडं उतरली. परवानगीची फाईल कुठे अडकली होती? त्याच कारकुनाच्या टेबलावर.

"मी बघतो," मी म्हणालो.

'मी बघतो' म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळलं. आपल्याकडे त्याला लाच म्हणतच नाहीत. चहापाणी म्हणतात, मिठाई म्हणतात, नाहीतर 'मी बघतो' म्हणतात. फक्त नया नगरहून येणाऱ्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "सर, फिर हम लोग शपथ किस बात की ले रहे हैं?"

"मॅडम, इतना बडा काम है, छोटी बात में मत अटकाओ," मी म्हणालो. बाईंनी आपली वही मिटली. पुढच्या मीटिंगपासून त्या आल्याच नाहीत, आणि 'बरं झालं' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस मी, असलं काम कसं करतात ते मला शिकवायला नको. शपथविधीची निमंत्रणपत्रिका घेतली, छान जाड पाकीट होतं, वर आमचं घोषवाक्य छापलेलं. पत्रिकेच्या मागे जे सरकवायचं ते सरकवलं. कारकुनाने पाकीट बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "अरे वा, नक्की येतो." संध्याकाळी परवानगी हातात.

आणि तो खरंच आला. दुसऱ्या रांगेत बसला, हात पुढे करून माझी शपथ माझ्याच मागून म्हणाला, 'गप्प बसणार नाही' पर्यंत. माईकवर मी होतो. माझा आवाज जराही कापला नाही. आज त्या आवाजाची मला किळस येते.

मावशीने त्याला तिथे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "भाऊ, त्यानं बी घेतली हो शपथ. आता माजं काम व्हईल."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. पुढच्या खेपेला आमच्याकडे आली तेव्हा टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही.

"भाऊ, तो म्हनला, तुमचे शपथवाले सायेबच येऊन देऊन गेले, आनि तू कोन मोठी लागून गेलीस? खोटा बोलतो ना तो?"

मी मान खाली घातली. तिला काय ते कळलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण तिने कनवटीची पुरचुंडी काढली.

"मंग माजा बी तुमीच देऊन या. तुमची वळख हाय."

तेव्हा तरी नाही म्हणायचं. पण नाही म्हणायला तोंड कुठे उरलं होतं, आणि तिचं घर तर माझ्यामुळेच टांगणीला लागलं होतं. मी गेलो. ह्या वेळी पत्रिकाही नव्हती, पण समितीची उरलेली पाकिटं घरात पडून होती. त्यातलंच एक वापरलं. आठ दिवसांत मावशीचं नाव कागदावर लागलं. दीर गप्प झाला. दिल्लीला आम्ही कळवलं की कार्यक्रम यशस्वी झाला, आणि तिकडून अभिनंदनाचा मेसेज आला.

मावशी त्यानंतर आली ती थेट माझ्या दारात. कागदात बांधलेले सुके बोंबील, निवडून काढलेले, सगळे एकसारखे लांब. मी खिशात हात घातला.

"पैसे नको भाऊ."

"असं कसं मावशी? घ्या."

"न्हाय, तुमच्यासाटी हाय त्ये." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "काम करनाऱ्याला द्यावा लागतो. उद्या परत काय काम पडला तं कोनाकडं जाऊ?"

माझ्या दारावर शपथेचा स्टिकर होता, तिच्या डोक्याच्या जरा वर. तिने तिकडे पाहिलंही नाही. मी मात्र पाहिलं, आणि पाहता पाहताच ती पुडी घेतली.