गिरिजाचा अरोरा

चहा हातात घ्या आधी, आणि कप नीट धरा. कारण ऐकून हसाल, आणि सांडला तर मला बोलाल! गेल्या उन्हाळ्यात मी शेजारच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघाले होते. तेही तिच्याच भल्यासाठी!

आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत, पुण्याच्या नव्हे, आमची आणि शिवलीलावहिनींची गच्ची लागून. मधे कमरेएवढी भिंत. त्यांची गिरिजा पुण्याला कॅन्सरवर संशोधन करते. तिला दुधनीचं स्थळ मीच आणलेलं. मुलगा मल्लिनाथ, माझ्या चुलत नणंदेचा, सुगलाबाईंचा. रविवारी बघायला येणार होते, म्हणून गिरिजा घरी आलेली, आणि शुक्रवारी मी मिरच्या वाळत घालायला वर गेले.

मुद्दाम ऐकत नव्हते हो! पण पलीकडं गिरिजा फोनवर बोलत होती, आणि मिरच्या नेमक्या भिंतीकडंच पसरायच्या राहिल्या होत्या.

"सर, चार वर्षं अरोराच्या मागं आहे मी. आता मधेच नाही सोडणार."

अरोरा! पंजाबी! चार वर्षं!

"घरी? छे! त्यांना सांगून कळणार आहे का?"

माझ्या हातातली मिरची हातातच.

"एकदा अरोराला अडवलं ना सर, की सगळ्या मेल्या! मी स्वतः मोजल्या."

मेल्या? कोण मेल्या? किती जणी? मला दरदरून घाम फुटला. तो पुसला, मिरचीच्या हातानं. डोळ्यांतून धारा लागल्या. तशीच खाली आले, तर आमचे हे पेपर टाकून उठले.

"कोण गेलं?"

"गेल्यात बऱ्याच!" मी म्हणाले.

शनिवार कसा काढला माझं मला माहीत. भाकरी दोनदा करपली. जिना किती वेळा चढले-उतरले! फोन घ्यायचा, ठेवायचा. सांगावं तर पोरीची अब्रू, न सांगावं तर मल्लिनाथचं काय? आधीच सुगलाबाईंचं कॅन्सरचं औषधपाणी नुकतं संपलेलं. ते मी वहिनींना सांगितलं नव्हतं. "केस आलेत की परत, मग हितं विषय काढू नका," असं मीच सुगलाबाईंना बजावलेलं. पण आमची लपवाछपवी वेगळी हो! ती साधी. अरोरा म्हणजे केवढी फसवणूक!

रविवार उजाडला. पोहे झाले, चहा झाला. सुगलाबाईंनी गिरिजाला जवळ बसवून घेतलं. वहिनींचा चेहरा असा फुललेला. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. आमचे हे डोळ्यांनी दटावत होते, पण जीभ कसली थांबतेय?

"गिरिजा! त्या अरोराचं काय ते आधी सांगून टाक!"

वहिनी पांढऱ्याफटक. सुगलाबाईंच्या तोंडून कानडीच निघालं, "यारव्वा अंवा?" कोण गं बाई तो?

आणि गिरिजा? पोरीचा चेहरा असा उजळला की विचारू नका!

"काकू, तुम्हाला ऑरोरा माहिताय? ह्या घरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं! थांबा, फोटो दाखवते."

फोटो! सगळी डोकी मोबाइलवर वाकली. काळ्या पडद्यावर दोन निळे ठिपके, मधे हिरवा धागा.

"ह्याला डोकं कुटं हाय?" सुगलाबाई.

"ही पेशी आहे, मावशी. एकीच्या दोन होतायत. आतला ऐवज दोन्हीकडं सारखा जातोय का, ते बघणारं प्रोटीन म्हणजे ऑरोरा. घराच्या वाटणीत मधे जाणता माणूस बसतो ना, तसं. काही कॅन्सरमध्ये ते गरजेपेक्षा जास्त होतं, मग वाटणीचा पार विचका. त्याला अडवायचं औषध आम्ही तपासतोय."

"आणि त्या मेल्या, त्या कोण?" मी हळूच विचारलं.

"कॅन्सरच्या पेशी, काकू. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या."

मला वाटलं, फरशी फाटावी. पण तेवढ्यात सुगलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं घेतला. बोटभर केस.

"मला बी झाला हुता, पोरी. ह्या सुमननं सांगू नको म्हटलं म्हणून गप बसले." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या औषधानं केस ऱ्हातील का गं?"

गिरिजानं त्यांचा हात हातात घेतला. "तसं नाही सांगता येणार, मावशी. चांगल्या पेशीसुद्धा वाटणी करत असतात, त्यांनाही झळ बसते. आणि हे अजून बशीतच आहे, माणसापर्यंत यायला लई वेळ आहे."

सुगलाबाई मल्लिनाथला म्हणाल्या, "बघ. मला बरं वाटावं म्हणून बी खोटं न्हाई बोलली. मला तर पसंत हाय."

मल्लिनाथनं गिरिजाकडं पाहिलं. "मला पण. पण त्यांचं आधी त्यांना विचारा की!"

गिरिजा हसली. जमलं! मीच जमवलं, असं मी आठवडाभर पेठेत सांगत हिंडले.

मग साड्या घ्यायला गेलो तेव्हा गर्दीत गिरिजा दिसेना, म्हणून फोन लावला. वाजला तो माझ्या मागंच. वळून पाहिलं तर तिच्या मोबाइलवर माझं नाव आलेलं: ‘ऑरोरा काकू’.

"हे काय गं?"

"काय करू काकू? त्या ऑरोराचं पण तुमच्यासारखंच आहे. मधे बसल्याशिवाय काही जमत नाही, आणि जरा जास्त झालं की सगळ्याचा विचका! आमच्याकडं त्याच्यावर औषध शोधतायत तरी."