बेंबीवरचा पैसा

मानोऱ्याजवळच्या तांड्यात कुणाच्या लेकराची बेंबी फुगली, की रुपाबाईला बोलावणं यायचंच. तिच्यापाशी एक जुना भोकाचा पैसा होता. बेंबी अंगठ्यानं आत दाबायची, वर पैसा ठेवायचा आणि लुगड्याच्या चिंधीनं करकचून बांधायचं. बहुतेक बेंब्या आपसूकच बसतात. श्रेय मात्र पैशाला, आणि ते घ्यायला रुपाबाई कधी लाजली नाही.

म्हणून सून अंजू मानोऱ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हाही पैसा तिच्या कमरेच्या बटव्यात होता. मुलगी झाली. पण बेंबीशेजारी पोटाला भोक, आणि त्यातून ओली, लालसर आतडी बाहेर आलेली. रुपाबाईनं चिंधी काढली.

"सरा, बांधू द्या मले."

अख्तरी सिस्टरनं तिचं मनगट धरलं. "मावशी, हे बेंबी नाही, आतडी हायेत. दाबली तं काळी पडतीन. लेकरू हातचं जाईन."

सिस्टरनं बाळाला छातीपर्यंत स्वच्छ पारदर्शक पिशवीत घेतलं, कुशीवर निजवलं, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. ऑपरेशन अकोल्याला. तोवर दूध नाही, गूळपाणीही नाही. गाडीत तिनं रुपाबाईला एकच काम दिलं: टोपी-दुपटं सरकू द्यायचं नाही आणि पोटाला हात लावायचा नाही.

वाटभर पोरगी भुकेनं ओठ चोखत होती. निम्म्या तांड्याला गुळाचं बोट चाटवणारी बाई नातीची टोपी धरून नुसती बसली. नुसतं बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. सिस्टरला क्षणभर उशीर झाला असता तर, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

पोरगी वाचली. बऱ्याच दिवसांनी आईला प्यायली, मग घरी आली. तांडा बघायला लोटला, पण रुपाबाई नातीला न्हाऊ घालायला काही बसेना.

"आत्याबाई, काहून दूर राह्यता?" अंजूनं विचारलं.

"माया हातानं मेली असती ते."

अंजूनं सासूचा हात धरला आणि पोरीच्या पोटावरच्या व्रणावर ठेवला. "याच हातानं तिले अकोल्यापर्यंत गरम ठेवलं ना तुमी."

रुपाबाईला रडू फुटलं. हात मात्र तिनं काढला नाही, आणि दाबलाही नाही. तळव्याखाली दूध पिऊन तट्ट झालेलं पोट वर-खाली होत होतं.